हरणाच्या शिकारीसाठी रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची कार्बाइन: आधी गोळी, मग बंदूक

नोकरीनिमित्त ओहायो, इंडियाना, मिशिगन अशा राज्यांत जाऊन स्थिरावलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांपैकी काहींना आता तिथल्या हरणांच्या हंगामाची गोडी लागली आहे, आणि पलटणीच्या शस्त्रागारात नोकरी केलेला माणूस म्हणून ‘काका, लिव्हरची बंदूक घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?’ अशी विचारणा माझ्याकडे अधूनमधून होत असते. पुतण्याकडे ओहायोत मुक्कामाला असताना रॉसी आर-९२, मार्लिन १८९४ आणि हेन्री बिग बॉय या तीन कार्बाइन (आखूड नळीच्या, चापाभोवतीची लिव्हर ओढून पुढचे काडतूस भरायच्या रायफली) मला निवांतपणे हाताळायला आणि चालवायला मिळाल्या; त्यांविषयी आणि त्यांत घालायच्या गोळ्यांविषयी हे परीक्षण आहे. माझा कौल सुरुवातीलाच सांगून टाकतो. शंभर यार्डांच्या आतले हरीण असेल, तर .४४ मॅग्नममधील मार्लिन (हे काडतुसाचे नाव; आकडा ढोबळमानाने गोळीच्या जाडीचा, इंचांत) आणि तीत २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), तांब्याचे जाकीट असलेली, शिशाचे चपटे तोंड उघडे ठेवलेली गोळी ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटली. मात्र या तीन बंदुकांमध्ये जो फरक आहे, त्याहून कितीतरी मोठा फरक एकाच बंदुकीत घातलेल्या दोन वेगवेगळ्या गोळ्यांमुळे पडतो, आणि दुकानात अक्रोडाच्या दस्त्यावरून हात फिरवत उभे असलेले गिऱ्हाईक नेमके तेच विसरते.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि जांबोटी-कणकुंबीच्या रानात किंवा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत दिसणारे चितळ, सांबर किंवा भेकर यांच्यावर बंदूक रोखणे हा सरळसरळ गुन्हा आहे. शेतराखणीच्या परवान्यावर खानापूर तालुक्यात ज्यांच्या घरी बारा बोअर आहे (आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची धावपळ ज्यांना चुकलेली नाही), त्यांनाही हा परवाना शिकारीचा नाही हे माहीत असते. पुढचे सर्व विवेचन अमेरिकेतील रानाचे, तिथल्या परवान्याचे आणि तिथल्या हंगामाचे आहे.

लांबवर मारा करणाऱ्या रायफली उदंड असताना रिव्हॉल्व्हरच्या काडतुसावर चालणारी बंदूक हरणासाठी कोणी का घ्यावी, याचे उत्तर तिथल्या नियमांत आहे. ओहायोमध्ये वस्ती दाट आणि मुलूख बराचसा सपाट असल्यामुळे दूरवर जाणाऱ्या गोळीची भीती, म्हणून तिथे हरणासाठी बारा बोअरसारख्या बंदुकीतून एकच जाड गोळी मारण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती. २०१४ सालच्या हंगामापासून सरळ भिंतीच्या पुंगळीचे काडतूस वापरणाऱ्या रायफलींना परवानगी मिळाली. म्हणजे बाटलीसारखी मान नसलेली, तळापासून तोंडापर्यंत जवळजवळ एकाच जाडीची पुंगळी. मिशिगनच्या दक्षिण भागातही त्याच वर्षी असाच बदल झाला, तर इंडियानाने २००७ मध्येच हा दरवाजा उघडला होता. रिव्हॉल्व्हरची .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट ही काडतुसे या व्याख्येत आपोआप बसतात. तरीही राज्याराज्यांतील बारकावे पाहूनच खरेदी करावी. उदाहरणार्थ, मिशिगनच्या त्या भागात २०१४च्या बदलात पुंगळीची लांबी किमान १.१६ इंच ठरवली होती, आणि .३५७च्या बंदुकीत मजेत चालणाऱ्या .३८ स्पेशल या काडतुसाची पुंगळी १.१५५ इंचांची असल्यामुळे ते केसभराने बाहेर पडले. ओहायोत तर नळी आणि मॅगझिन (बंदुकीतला काडतुसांचा साठा) मिळून तीनपेक्षा अधिक काडतुसे भरता येत नाहीत. त्यामुळे ‘दहा काडतुसे बसतात’ ही जाहिरात तिथल्या हरणाच्या शिकाऱ्याला निरुपयोगी आहे.

बंदूक आणि रिव्हॉल्व्हर एकाच काडतुसावर चालवण्याची कल्पना जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ची रायफल .४४-४० या काडतुसावर आली आणि काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले. तेव्हा काळी दारू होती आणि दोन्ही शस्त्रांतून सुटणाऱ्या गोळीच्या वेगात आजच्याइतके अंतर पडत नव्हते. .३५७ मॅग्नम १९३५ साली आणि .४४ मॅग्नम १९५५ साली आले, त्यांत सावकाश जळणारी आधुनिक दारू असते, आणि तिला लांब नळी मिळाली की ती गोळीला अधिक वेळ ढकलत राहते. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या आणि नळीच्या मध्ये जी फट असते, तिच्यातून थोडा वायू निसटतो. कार्बाइनमध्ये तशी फट नाही. परिणामी चार इंची नळीतून सेकंदाला सव्वाबाराशे फूट वेगाने जाणारी .३५७ची १५८ ग्रेनची गोळी अठरा-वीस इंची नळीतून साधारण साडेसतराशे ते अठराशे फुटांपर्यंत पोहोचते. .४४ची २४० ग्रेनची गोळीही कार्बाइनमधून साडेसतराशेच्या आसपास जाते, आणि तिचे वजन दीडपट असल्यामुळे नळीच्या तोंडाशी तिची शक्ती सोळाशे फूट-पाउंडांच्या घरात भरते; .३५७ची अकराशेच्या पुढे थोडी.

वेग वाढला म्हणून आनंद मानावा, तर गोम तिथेच आहे. दुकानात या मापांची जी काडतुसे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज मिळतात, त्यांतील बरीचशी स्वसंरक्षणासाठी बनवलेली असतात. पोकळ तोंडाची हलकी गोळी रिव्हॉल्व्हरच्या वेगाने माणसाच्या अंगात शिरून चटकन फुलावी आणि आरपार जाऊन मागच्या कोणाला लागू नये, असा तिचा हिशेब असतो. तीच १२५ ग्रेनची गोळी कार्बाइनमधून एकवीसशे फुटांच्या पुढे सुटली, की तिचे पातळ जाकीट तो वेग सोसत नाही. पुतण्याच्या अंगणामागे मातीच्या उंच बांधासमोर आम्ही पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे कॅन एकामागे एक मांडून मारा करून पाहिला. हलक्या गोळीने पहिला कॅन असा काही फोडला की त्याच्या चिंध्या झाडावर अडकल्या, आणि बघणाऱ्याला वाटावे, काय ही ताकद! पण मागचे कॅन उघडून पाहिले, तर तांब्याच्या जाकिटाची सोललेल्या सालीसारखी एक मुडपलेली चकती एकीकडे, आणि शिशाचे मसुराएवढे तुकडे दुसरीकडे. त्यापुढे काहीही गेलेले नव्हते. हीच गोळी हरणाच्या फऱ्यावर लागली असती, तर वर ओंजळभर जखम झाली असती आणि फुप्फुसापर्यंत जेमतेम कण पोहोचले असते. तसे जनावर पडत नाही. ते दूर जाऊन दिवसभराने मरते, आणि शिकाऱ्याला सापडतही नाही.

त्याच रांगेवर मारलेली हॉर्नडी कंपनीची एक्सटीपी नावाची १५८ ग्रेनची गोळी मात्र अखंड सापडली. तिचे तोंड अळंबीसारखे फुलले होते, जाकीट शिशाला घट्ट धरून होते आणि ती बरीच खोल गेली होती. .३५७ घ्यायचीच असेल तर १५८ ग्रेनच्या खाली जाऊ नये, आणि मिळाली तर १८० ग्रेनची वापरावी, असे माझे ठाम मत आहे. फुलण्यापेक्षा खोल जाणे हे या लहान मापासाठी अधिक महत्त्वाचे आहे, कारण गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच रक्ताचा माग चांगला पडतो.

.४४ला ही चिंता पुष्कळ कमी आहे. २४० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (शिशाचे तोंड उघडे ठेवलेली) किंवा एक्सटीपी हरणाच्या बरगड्यांतून आरपार जाते, आणि गोळी मुळातच जाड असल्यामुळे ती थोडी कमी फुलली तरी भोक पुरेसे मोठे पडते. यात २०० ग्रेन आणि त्याखालच्या पोकळ तोंडाच्या गोळ्याही मिळतात; त्या खुशाल कागदी निशाणावर खर्च कराव्यात. तीनशे ग्रेनच्या जड गोळ्यांची शिफारस करणारेही भेटतात, परंतु जुन्या मार्लिन .४४च्या नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) ३८ इंचांत एक फेरा इतके संथ आहेत, आणि तशा नळीतून लांबट जड गोळी नीट स्थिरावत नाही. नव्या मार्लिनमध्ये हा पीळ २० इंचांत एक फेरा असा केला आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तीनशे ग्रेनची गरजच काय, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. अस्वल असते तर गोष्ट वेगळी.

टणक ओतीव शिशाच्या, रुंद चपट्या तोंडाच्या गोळ्यांचा एक वेगळाच भक्तसंप्रदाय आहे. त्या फुलत नाहीत, आपल्या रुंद तोंडाने सरळ भोक पाडत आरपार जातात, हाडालाही जुमानत नाहीत, आणि मांस कमी नासते. .३५७च्या १८० ग्रेनमध्ये मला हा पर्याय पटतो. मात्र नेम जरा मागे सरकून आतड्यांत लागला, तर फुलणारी गोळी जे थोडेफार सावरून घेते, ते ही घेत नाही. म्हणून नवख्याच्या हाती ती देऊ नये.

अणकुचीदार टोकाच्या गोळ्यांचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो विसरण्यासारखा नाही. या बंदुकींचे मॅगझिन म्हणजे नळीखाली बसवलेली दुसरी नळी. तिच्यात काडतुसे एकामागे एक आडवी झोपलेली असतात आणि प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, थेट प्राइमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टेकलेले असते. टोक कठीण आणि टोकदार असेल, तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने पुढचे काडतूस मॅगझिनमध्येच पेटू शकते. म्हणूनच लिव्हरच्या बंदुकीत परंपरेने चपट्या तोंडाच्या गोळ्या घालतात. हॉर्नडीने एफटीएक्स नावाच्या गोळीला रबरासारखे मऊ टोक देऊन यातून वाट काढली; .३५७मध्ये ती १४० ग्रेनची आणि .४४मध्ये २२५ ग्रेनची येते. .४४मधली एफटीएक्स मला आवडली, पण तिच्यामुळे पल्ला फार वाढतो असे जे दुकानदार सांगतो, त्यातले निम्मे सोडून द्यावे.

पल्ल्याचे गणित असे आहे. .४४ची २४० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर नेमकी लागेल अशी बंदूक साधून घेतली, तर पन्नास यार्डांवर ती इंचभर वर लागते, दीडशेवर सुमारे सहा इंच खाली आणि दोनशेवर दीड फूट खाली. हरणाच्या छातीतील वर्मी जागा आठ-नऊ इंचांची धरली, तर शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत सरळ नेम धरून चालते. त्यापुढे अंदाजपंचे कारभार सुरू होतो. .३५७ला मी ऐंशी यार्डांची मर्यादा घालेन. आग्नेय ओहायोच्या टेकड्यांमध्ये याचा काही तोटा होत नाही, कारण तिथले ओक-मेपलचे रान आपल्या कणकुंबीच्या कारवीच्या जाळीसारखे दाट आहे आणि साठ-सत्तर यार्डांपलीकडे हरीण मुळी दिसतच नाही.

आता प्रत्यक्ष बंदुकींकडे वळतो. रॉसी आर-९२ ही ब्राझीलमध्ये बनते आणि जॉन ब्राउनिंगने आखलेल्या विंचेस्टर १८९२ची नक्कल आहे. तिघींत सर्वांत स्वस्त, सर्वांत हलकी आणि खांद्याला चटकन लागणारी. सोळा इंची नळीची.३५७ तर पाच पाउंडांच्या आसपास भरते, आणि दिवसभर चढउतार करणाऱ्याला त्याचे मोल कळते. बोल्टला (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागाला) मागून दोन उभ्या खुंट्यांचा आधार असल्याने तिची बांधणी दणकट आहे. मात्र रिकामी पुंगळी ती वरच्या बाजूने फेकते, त्यामुळे दुर्बीण नेहमीच्या जागी बसवता येत नाही. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना झाडीतल्या अंधुक उजेडात बॅकसाइटची ती चिमुकली खाच आणि फोरसाइट एका रेषेत आणणे कठीण जाते. तरुण डोळ्यांच्या, खिसा सांभाळून खरेदी करणाऱ्या माणसाला मी हीच सुचवेन. हिची नळी साफ करताना गज तोंडाकडून घालावा लागतो, कारण बोल्ट काढणे म्हणजे अर्धी बंदूक खोलणे. गज घालताना नळीच्या तोंडाची कड घासली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

मार्लिन १८९४ पुंगळी उजव्या बाजूने फेकते, वरचा भाग सपाट आणि बंद आहे, आणि त्यावर दुर्बीण सरळ बसते. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर हातात येते, बोल्ट मागे सरकून बाहेर येतो आणि नळी मागच्या तोंडातून साफ करता येते. शस्त्रागारात वावरलेल्या माणसाला एवढ्यावरच ही बंदूक आवडावी. हा कारखाना आता रुगर कंपनीकडे आहे. तिने २०२० साली रेमिंग्टनच्या दिवाळखोरीतून मार्लिन विकत घेतली, आणि तिच्या हातच्या बंदुकींचा क्रमांक ‘आरएम’ या अक्षरांनी सुरू होतो. मी हाताळलेली बंदूक अशीच होती: लिव्हर खाली ओढताना कुठे खरखर नाही, लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यात नख शिरत नाही. किंमत रॉसीपेक्षा बरीच जास्त आहे, हे खरे. रॉसी आणि मार्लिन या दोन्हींत काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून आत सारावी लागतात, आणि नव्या झडपेची कड पहिल्या दिवशी अंगठ्याचे साल काढते.

हेन्री बिग बॉय दिसायला सर्वांत देखणी. पितळी चौकट, अष्टकोनी नळी, गुळगुळीत लिव्हर. दिवाणखान्यात टांगली तर पाहुणे तिच्याचविषयी विचारतील. पण हा पितळी नमुना साडेआठ पाउंडांहून जड आहे, म्हणजे जवळपास चार किलो, आणि टेकडी चढताना हे वजन खांद्याला कळते. धक्का कमी बसतो हा त्याचा फायदा. पोलादी चौकटीचा हलका नमुनाही मिळतो आणि शिकारीसाठी तोच घ्यावा. हेन्रीची एक खुबी मात्र मला बाकी दोघींहून सरस वाटली: मॅगझिनची आतली नळी पुढून फिरवून वर काढली, की सर्व काडतुसे हातावर ओतता येतात. इतर दोघींत बंदूक रिकामी करण्यासाठी प्रत्येक काडतूस लिव्हरने नळीच्या मागच्या तोंडाशी आणून बाहेर काढावे लागते, आणि संध्याकाळी गारठलेल्या बोटांनी भरलेली बंदूक अशी वारंवार हलवणे मला कधीच रुचले नाही. ती रिकामी करताना तोंड जमिनीकडे, बोट चापापासून दूर आणि आजूबाजूला कोणी नाही, हे पाहूनच करावे.

.४५ कोल्टविषयी थोडक्यात. ज्याच्याकडे त्या मापाचे रिव्हॉल्व्हर आधीच आहे त्याने जरूर घ्यावी. पण बाजारातील बरीचशी काडतुसे जुन्या रिव्हॉल्व्हरांना झेपतील इतकीच मवाळ भरलेली असतात, त्यामुळे .४४सारखा मारा हवा असेल तर खास जोरकस काडतुसे शोधत फिरावे लागते.

हंगामात मी पुतण्याबरोबर बसलो तेव्हा त्याच्या हाती .४४ मार्लिन होती. सकाळी उतारावरून आलेली मादी पन्नासेक यार्डांवर आडवी उभी राहिली, त्याने पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला आणि बार केला. ती शेपटी खाली घालून झुडपांत घुसली. जिथे उभी होती तिथे ओकच्या वाळल्या पानांवर फेसाळ, गुलाबी रक्त होते, म्हणजे गोळी फुप्फुसातून गेली होती. पुढे दोन्ही बाजूंच्या झुडपांवर कमरेच्या खाली शिंतोडे उडालेले दिसत होते, आणि त्या खुणांवरून ती थोड्याच अंतरावर पडलेली सापडली. गोळी आत जातानाचे भोक बोटाएवढे, बाहेर पडतानाचे रुपयाच्या नाण्याएवढे. फऱ्याचे मांस जवळजवळ अजिबात नासलेले नव्हते. .३५७ घेऊन बसलेल्या माणसाने याच जनावरासाठी आणखी जवळ येण्याची वाट पाहिली असती, आणि तसेच करावे.

खरेदीबाबत एवढे लक्षात असू द्यावे की बंदूक ज्या काडतुसावर साधली, तेच काडतूस, त्याच वजनाचे आणि शक्यतो त्याच लॉटचे, हंगामासाठी बाजूला काढून ठेवावे. सरावासाठी .३५७मध्ये .३८ स्पेशल वापरल्यास खर्च आणि धक्का दोन्ही कमी होतात, आणि घरातील नवशिक्यांना शिकवण्यासाठी याहून सोयीचे काही नाही. मात्र त्याचा नेम वेगळा पडतो, म्हणून रानात जाण्यापूर्वी मूळ काडतुसावर बंदूक पुन्हा तपासावी.

इथून मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांना आणि काका-मामांना दोन सूचना. पर्यटक व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक हाती धरायलाही मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. मी ओहायोचा ‘अ‍ॅप्रेंटिस’ परवाना घेतला होता. शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण न केलेल्या नवख्याला परवानाधारक प्रौढाच्या सोबतीने रानात जाण्याची मुभा त्यात असते, आणि तो घेतल्यावरच मी या कार्बाइनना हात लावला. दुसरी सूचना परतीच्या प्रवासाची. शिकारीच्या जाकिटाचे खिसे, टोपी आणि पाठपिशवी झाडून उलटी करून पाहावी. एखादे काडतूस अस्तरात राहून गेले आणि बंगळुरू किंवा बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर यंत्रात दिसले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. रिकामी पुंगळीही आठवण म्हणून सोबत आणू नये, कारण तपासणीच्या टेबलावर तिचा खुलासा देत बसण्यात पुढची गाडी चुकते.